बोन्सायची पानं पिवळी पडली? आधी माती चाचपा

पान पिवळं दिसलं की हात लगेच झारीकडे जातो. थांबा, आधी बोट मातीत 2 सेंटीमीटर खुपसा. आत चिंब ओल आणि पानं मऊ पडून गळताहेत? मग मुळं गुदमरली आहेत. माती कोरडी आणि पानांच्या कडा कुरकुरीत असतील तर झाड तहानलेलं आहे. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, हे बहुधा लोह कमी पडल्याचं लक्षण.

पाणी तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत द्या. रोज ठरावीक वेळी घोटभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट: वरचा थर ओला दिसतो, मुळांचा गोळा मात्र कोरडाच. असा गोळा पाणी शोषत नसेल तर बुडबुडे थांबेपर्यंत कुंडी पाण्यात बुडवून ठेवा.