जुन्या स्टोरेजवरून नव्यावर: सर्व्हरचा डेटा हलवण्याआधीची तयारी

कोणता सर्व्हर कोणत्या लनवर (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) उभा आहे याचा तक्ता पहिल्यांदा हातात हवा. हा तक्ता लिनक्सने डिस्कला दिलेल्या एसडीबी, एसडीसी अशा नावांवर बनवू नका. रीबूट झालं किंवा लनपर्यंतचा एखादा पाथ (मार्ग) वाढला की ही नावं बदलतात. लनची पक्की ओळख म्हणजे त्याचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी, हा जगात एकमेव असलेला क्रमांक. एका ओळीत तो, स्टोरेजवरचा लन क्रमांक, मल्टिपाथचं (एका लनचे अनेक मार्ग एकत्र धरणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव, व्हॉल्यूम ग्रुप (डिस्कचा गट), लॉजिकल व्हॉल्यूम (त्या गटातून कापलेला भाग), माउंट पॉइंट (तो ज्या फोल्डरवर दिसतो ती जागा) आणि त्यावर चालणारं अ‍ॅप्लिकेशन एवढं असावं. फक्त डीएफ (माउंट झालेल्या फाइलसिस्टम दाखवणारी कमांड) बघून तक्ता भरला, तर स्वॅप, ओरॅकल एएसएमच्या (ओरॅकल डेटाबेसचा स्वतःचा डिस्क-व्यवस्थापक) डिस्क आणि डेटाबेसने थेट वापरलेले रॉ डिव्हाइस सुटतात, कारण ते माउंट झालेलेच नसतात. म्हणून एलएसबीएलके (सगळ्या डिस्कची यादी), पीव्हीएस (व्हॉल्यूम ग्रुपमधल्या डिस्कची यादी) आणि मल्टिपाथचं आउटपुट शेजारी ठेवून ताडून पाहा. जो लन कशातच बसत नाही, त्याचा मालक सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. एकच लन दोन सर्व्हरना दिसत असेल तर तो क्लस्टरचा (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाचा) समजा आणि त्याचं नियोजन वेगळं करा. एएसएमचा डेटा एएसएमलाच हलवू द्यावा: त्याच डिस्क ग्रुपमध्ये नवी डिस्क जोडायची, जुनी काढायची आणि रीबॅलन्स (डेटाची नव्या डिस्कवर फेरवाटणी) पूर्ण होऊ द्यायचा.

मग आकार. एका स्टोरेजवर ‘500 जीबी’ म्हणजे दशमान (1000 च्या पटीतले) गीगाबाइट असतात, दुसऱ्यावर द्विमान (1024 च्या पटीतले). 500 दशमान जीबी द्विमान मोजणीत साधारण 465.7 भरतात, म्हणजे कागदावर सारखे दिसणारे दोन लन प्रत्यक्षात 34 जीबीने वेगळे असू शकतात. बाइटमध्ये मोजा आणि नवा लन थोडा मोठाच घ्या.

आकारापेक्षा जास्त घात करतो तो लॉजिकल ब्लॉक साइझ, म्हणजे लनवर एका वेळी वाचता-लिहिता येणाऱ्या सर्वांत छोट्या तुकड्याचा (सेक्टरचा) आकार. जुना लन 512 बाइटचा सेक्टर दाखवत असेल आणि नवा 4096 बाइटचा, तर एलव्हीएममध्ये (लिनक्सचा व्हॉल्यूम व्यवस्थापक) एक्सटेंट (ठरावीक आकाराचे तुकडे) बिनतक्रार हलू शकतात, पण 512 च्या सेक्टरवर बनवलेली एक्सएफएस फाइलसिस्टम पुढच्या वेळी माउंटच होत नाही. चालू असताना सगळं ठीक दिसतं आणि रीबूटनंतर कळतं, म्हणून हे धोक्याचं. नव्या आवृत्तीचं एलव्हीएम असे दोन प्रकारचे लन एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मिसळू देत नाही. जुनं मात्र अडवत नाही, त्यामुळे दोन्ही लनवर ब्लॉकडेव्ह कमांडने सेक्टर तपासा. फरक असेल तर स्टोरेजवर लन 512 चा बनवून घ्या. ते जमत नसेल तर नवी फाइलसिस्टम बनवून आरसिंक कमांडने फाइल पातळीवर कॉपी करा. आरसिंक वापरताना हार्ड लिंक, एसीएल (फाइलच्या परवानग्यांची यादी), एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट आणि आकडी यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) जपणारे पर्याय द्यायला विसरू नका. नुसत्या आर्काइव्ह पर्यायात यातली एकही गोष्ट येत नाही.

झोनिंगसाठी (कोणता सर्व्हर कोणतं स्टोरेज पाहू शकेल ते स्विचवर ठरवणं) प्रत्येक एचबीएचा (सर्व्हरमधलं स्टोरेज नेटवर्कचं कार्ड) डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा एकमेव पत्ता) सर्व्हरवरूनच वाचून घ्या, जुन्या कागदावरून नको. दोन्ही फॅब्रिकचं (स्वतंत्र स्टोरेज नेटवर्कचं) चालू कॉन्फिगरेशन बदलाआधी सेव्ह करा आणि एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (सर्व्हरकडचं पोर्ट) ठेवा. नव्या स्टोरेजच्या उत्पादकाने सांगितलेली मल्टिपाथची सेटिंग आधी टाका, मग लन स्कॅन करा. डेटा जाण्याआधी एका फॅब्रिकचे पाथ मुद्दाम बंद करून आयओ (वाचन-लेखन) चालू राहतो का ते पाहा. ही चाचणी रिकाम्या लनवर करणं सोपं आहे, भरलेल्यावर कुणी करू देत नाही.

पद्धत कोणती, हा खरा निर्णय. पीव्हीमूव्ह (डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवणारी एलव्हीएमची कमांड) सोयीचं आहे: सर्व्हर चालू राहतो, मध्येच रीबूट झालं तरी शेवटच्या चेकपॉइंटपासून काम पुढे नेता येतं. पण हलवताना व्हॉल्यूम ग्रुप दोन्ही स्टोरेजवर विभागलेला असतो. तेवढा वेळ कोणतंही एक स्टोरेज गेलं तरी डेटा गेला, आणि एकाच स्टोरेजवर घेतलेल्या स्नॅपशॉटला (त्या क्षणाच्या प्रतीला) अर्थ राहत नाही. शिवाय काम संपल्यावर जुन्या लनवर वापरण्याजोगी प्रत उरत नाही. निदान अ‍ॅटॉमिक पर्याय द्या, म्हणजे रद्द केल्यावर डेटा अर्धा इकडे अर्धा तिकडे राहत नाही. महत्त्वाच्या डेटासाठी आमचं मत मिररच्या (दोन्हीकडे एकच डेटा ठेवण्याच्या) बाजूने आहे. एलव्हीकन्व्हर्ट कमांडने नव्या लनवर रेड 1 ची दुसरी बाजू जोडा, सिंक 100 टक्के होऊ द्या, काही दिवस दोन्ही बाजू चालवा आणि मगच जुनी वेगळी करा. यासाठी जुन्या पीव्हीवरही (एलव्हीएमने घेतलेली डिस्क) मिररच्या मेटाडेटापुरती मोकळी जागा लागते. तो शेवटच्या एक्सटेंटपर्यंत भरलेला असेल तर कमांड नापास होते, त्यामुळे आधीच पाहून ठेवा. जुनी बाजू स्प्लिट करून नाव देऊन ठेवली तर परतीची वाट शाबूत राहते. फक्त एक्सएफएस असेल तर दोन्ही प्रतींचा यूयूआयडी (फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) एकच असल्यामुळे जुनी प्रत माउंट करताना नोयूयूआयडी हा पर्याय द्यावा लागतो.

एआयएक्सवर (आयबीएमची युनिक्स प्रणाली) हेच काम मायग्रेटपीव्ही किंवा मिररव्हीजीने होतं. तिथे साध्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये एका डिस्कवर मुळात 1016 पार्टिशनचीच मुभा असते, त्यामुळे मोठा नवा लन जोडताना अडतं आणि आधी सीएचव्हीजी कमांडने फॅक्टर वाढवावा लागतो. रूटव्हीजी (ऑपरेटिंग सिस्टिमचा व्हॉल्यूम ग्रुप) हलवत असाल तर बॉसबूट आणि बूटलिस्ट या बूटच्या कमांड चुकवू नका. लिनक्सवर रूट डिस्क सॅनवर (स्टोरेजच्या नेटवर्कवर) असेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) नव्याने बनवा, आणि एफस्टॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) एसडी-नावाची एकही ओळ उरलेली नाही हे बघा.

वेळेचा हिशेब लिहून ठेवा. 10 टीबी डेटा सेकंदाला 200 एमबी वेगाने हलवायला जवळपास 14 तास लागतात, आणि दिवसा अ‍ॅप्लिकेशनचा भार असताना हा वेग टिकत नाही. आधी एका छोट्या व्हॉल्यूमवर मोजा. पीव्हीमूव्ह रिकामे एक्सटेंट ओळखत नाही. व्हॉल्यूमला दिलेली सगळी जागा तो उचलतो. त्यामुळे थिन लन (वापरली तेवढीच जागा घेणारे) एकदम फुगतात. स्टोरेजच्या पूलमध्ये (सामायिक जागेत) तेवढी जागा ठेवा आणि नंतर एफएसट्रिम (न वापरलेली जागा परत देणारी कमांड) चालवा.

बॅकअप घ्या, आणि त्यातून एक फाइल प्रत्यक्ष परत आणून पाहा. व्हीजीसीएफजीबॅकअपची (व्हॉल्यूम ग्रुपच्या रचनेची नोंद घेणारी कमांड) प्रत सर्व्हरबाहेर ठेवा. नवे लन रेप्लिकेशन आणि स्नॅपशॉटच्या वेळापत्रकात डेटा येण्याआधीच घाला.

जुने लन काढण्याचा क्रम आधीच लिहा, कारण थकलेल्या माणसाकडून तो उलटा होतो. व्हीजीरिड्यूस (व्हॉल्यूम ग्रुपमधून डिस्क काढणं), पीव्हीरिमूव्ह (तिच्यावरची एलव्हीएमची खूण पुसणं), मल्टिपाथ मॅप फ्लश, प्रत्येक एसडी डिव्हाइस सिस्टिममधून डिलीट, आणि त्यानंतरच स्टोरेजवरून मॅपिंग काढायचं. मॅपिंग आधी काढलं आणि मल्टिपाथ पाथ परत येण्याची वाट पाहत बसलं, तर त्या डिव्हाइसला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस डी अवस्थेत (मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत) अडकते, एलव्हीएमच्या साध्या कमांडसुद्धा. आणि तोच लन क्रमांक लगेच दुसऱ्या लनला देऊ नका. जुने डिव्हाइस सर्व्हरवर उरले असतील तर भलत्याच डिस्कवर लिखाण होऊ शकतं.