स्कूबाचा पहिला कोर्स कुठे करायचा? माशांचे फोटो बघून ठरवू नका

फिरायला चाललोच आहोत तर स्कूबाचा, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीला लावून समुद्रात उतरायचा कोर्सपण उरकून घेऊ, असं डोक्यात आलं की आपण पहिलं काय करतो, तर जगातले भारी डाइव्ह स्पॉट सर्च करतो आणि गॅलापागोसचे हॅमरहेड शार्क नाहीतर कोमोडोचे मांटा रे बघून तिथलीच तिकिटं शोधायला लागतो. पण खरं सांगू का, कोर्सच्या चार समुद्री डाइव्हमध्ये मासे बघायला वेळच नसतो. दिसतात, नाही असं नाही, पण तुमचं सगळं लक्ष मास्कमध्ये शिरलेल्या पाण्यावर, कानावर आणि इन्स्ट्रक्टर हाताने काय खूण करतोय त्याच्यावर. आणि या दोन्ही जागा पाण्याच्या जोरदार करंटसाठी प्रसिद्ध आहेत, जिथे अनुभवी लोकही जपून उतरतात. त्या नंतर, कोर्स पास झाल्याचं कार्ड आणि थोडा अनुभव हातात आल्यावर.

शिकायला पाहिजे उथळ, शांत, कोमट पाणी, थोडं बोअरिंगच म्हणा ना. वाळूचा तळ असलेली खाडी जिथे गुडघे टेकून मास्क काढायचा आणि परत घालायचा सराव करता येईल, आणि व्हिजिबिलिटी इतकी तरी की इन्स्ट्रक्टर दोन हात लांब गेला तर नाहीसा होणार नाही. थायलंडचं को ताओ, होंडुरासचं उटिला, इजिप्तचं दहाब ही नावं नवशिक्यांच्या तोंडी सारखी येतात ती यामुळेच. तिथे सेंटर भरपूर, त्यामुळे एक आवडलं नाही तर शेजारी दुसरं. दहाबमध्ये बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरता येतं, त्यामुळे ज्यांना बोटीत पाच मिनिटांत मळमळायला लागतं त्यांची सोय होते. पण हिवाळ्यात तिथलं पाणी 22 डिग्रीच्या आसपास येतं, आणि 22 ऐकायला काही वाटत नाही, पण पाऊण तास त्यात बसलं की दात वाजतात, तेव्हा जाड सूट मिळणार का ते आधी विचारा.

सीझन देशाचा बघू नका, किनाऱ्याचा बघा. थायलंडचंच घ्या, अंदमान समुद्राच्या बाजूला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चांगलं असतं आणि सिमिलन बेटं तर मे मध्य ते ऑक्टोबर मध्य बंदच ठेवतात, पण पलीकडे थायलंडच्या आखातात असलेल्या को ताओला खराब हवामान येतं ते ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमाराला, म्हणजे इकडचा सीझन सुरू होत असतो तेव्हा तिकडे गडबड.

आता पॅडी करू का एसएसआय (स्कूबा शिकवून कार्ड देणाऱ्या या दोन मोठ्या संस्था), हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि त्याच्यावर लोक तासन्तास भांडतात. पॅडी 1966 ची, एसएसआय 1970 ची, दोघांचाही ओपन वॉटर कोर्स, म्हणजे हाच पहिला कोर्स, आयएसओ 24801-2 याच स्टँडर्डमध्ये बसतो, दोघांचं कार्ड जगभर चालतं, खोलीची मर्यादा दोन्हीकडे 18 मीटर. त्यात डोकं घालू नका. फक्त एक बघा, की तुम्हाला जे विकतायत तो खरंच कोर्स आहे की नुसता ट्राय डाइव्ह. अर्ध्या दिवसात पाण्यात नेऊन आणतात, फोटो काढून देतात, मजा येते, पण त्यानंतर इन्स्ट्रक्टरशिवाय बडीबरोबर, म्हणजे जोडीदाराबरोबर, उतरायचं कार्ड काही मिळत नाही. खऱ्या कोर्सला साधारण तीन-चार दिवस लागतात, त्यात थिअरी, स्विमिंग पूलमधला किंवा तसल्याच शांत पाण्यातला सराव आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह. कोणी म्हणालं दीड दिवसात कार्ड देतो, तर तिथून सरळ निघा.

खरी निवड जागेची नसतेच, इन्स्ट्रक्टरची असते. सेंटरला मेसेज करून पहिला प्रश्न विचारा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? पॅडीच्या नियमात समुद्रातल्या डाइव्हला आठ चालतात, पण आठ ही कमाल मर्यादा आहे, आणि आठातला सातवा जेव्हा पाण्याखाली घाबरतो तेव्हा इन्स्ट्रक्टरची नजर पहिल्यावर असू शकते. चार असतील तर छान. दुसरं, तो कोणत्या भाषेत शिकवणार, कारण खाली गेल्यावर बोलता येत नाही, जे काय समजायचं ते वर ब्रीफिंगमध्येच, आणि तिथे अर्धवट कळून मान डोलावलेली नंतर महागात पडते. तिसरं, एखादं स्किल मला जमलं नाही तर काय? याचं उत्तर नीट ऐका. चांगलं सेंटर म्हणतं उद्या परत करू, आणि जास्तीचे पैसे लागणार असतील तर तेही आत्ताच सांगतं. "अहो, सगळ्यांना जमतं" एवढंच म्हणणारा मला तरी नको.

शक्य असेल तर पैसे भरायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. सूट धुऊन वाळत घातलेत का, रेग्युलेटरच्या, म्हणजे ज्यातून श्वास घेतो त्याच्या, नळ्यांना भेगा आहेत का, बोटीवर इमर्जन्सी ऑक्सिजन असतो का, जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर त्रास झाला तर ज्यात उपचार करतात ती दाबाची खोली) कुठे आहे. हे विचारल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर तेच उत्तर समजा. आणि सिलिंडरच्या हवेला तेलकट वास किंवा चव आली तर त्या सिलिंडरने उतरायचं नाही, मग बोट थांबली तरी चालेल. रेट विचारताना गिअर, थिअरीचं साहित्य आणि सर्टिफिकेशन फी धरून विचारा, नाहीतर स्वस्त दिसणारा कोर्स शेवटच्या दिवशी महाग होतो.

निघायच्या आधी मेडिकल फॉर्म मागवून घ्या. दमा, हार्टचा त्रास, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती बेटावर ऐनवेळी शोधत बसण्यापेक्षा घरून आणलेली बरी. पोहण्याची टेस्ट अवघड नाही, 200 मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं तरंगायचं. थिअरी ऑनलाइन करून गेलात तर सुट्टीतला एखादा दिवस वाचतो. पाण्याची भीती असेल तर रेफरल नावाचा प्रकार आहे, थिअरी आणि पूल घराजवळ, फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह प्रवासात. मला हा पर्याय फार आवडतो पण तो कोणी सांगतच नाही.

दिवस मात्र मोजून-मापून नेऊ नका. मी रात्रभर एसी बसमधून जाऊन सर्दी घेऊन पोचलो, दुसऱ्या दिवशी तीन मीटरवरच कान असे ठणकले की वर यावं लागलं, आणि दोन दिवस किनाऱ्यावर बसून बाकीच्यांच्या बोटी बघितल्या. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा बदल अगदी वरच्या थरातच, त्यामुळे चोंदलेल्या नाकाने इक्वलाइज होत नाही, म्हणजे कानाच्या आतला दाब बाहेरच्याइतका करता येत नाही, आणि जबरदस्ती केली तर कानाचा पडदा जातो. म्हणून एक-दोन दिवस मोकळे ठेवाच.

सगळं सुरळीत झालं तर ते मोकळे दिवस त्याच सेंटरबरोबर फन डाइव्हला, म्हणजे नुसत्या मजेच्या डाइव्हला, वापरा, तेव्हा कुठे मासे दिसायला लागतात. फक्त परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तासांनी ठेवा, 24 असतील तर अजून बरं, कारण डाइव्हनंतर लगेच उंचावरच्या कमी दाबात जाणं धोक्याचं असतं, आणि डोंगरपण त्यातच धरा, म्हणजे स्पेनच्या टेनेरीफ बेटावर सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी 3,715 मीटरच्या तेइदे ज्वालामुखीवर केबल कारने सूर्यास्त बघायला जायचं नाही. तेइदे आदल्या दिवशी करून टाका.