युक्रेनच्या व्याप्त भागातल्या घराचा दावा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणाचं मारियुपोलसारख्या, रशियाने व्यापलेल्या ठिकाणी घर अडकलं असेल, तर नेदरलँड्समधल्या हेगच्या युक्रेन नुकसान नोंदवहीत (रशियाच्या हल्ल्यातल्या नुकसानीचे दावे नोंदवणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही) दावा जरूर करा. अर्ज युक्रेन सरकारच्या 'दिया' या ऑनलाइन पोर्टलवरून, फी नाही. नुकसान २४ फेब्रुवारी २०२२ किंवा त्यानंतरचं हवं.

घर उभं आहे पण जाता येत नाही, तर 'घर उद्ध्वस्त' हा प्रकार निवडू नका. 'ताबा किंवा प्रवेश गमावला' हा वेगळा प्रकार आहे. खरेदीखत, जुनी वीजबिलं, फोटो जोडा.

आपल्याकडे नावाचा घोळ हमखास! जुन्या पासपोर्टवर 'बेळगाव', २०१४ नंतरच्यावर 'बेळगावी', खरेदीखतात वडिलांचं नाव गाळलेलं. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. नोंदवही पैसे देत नाही, फक्त दावा नोंदवते. एजंटाला टक्केवारी कबूल करू नका.