पोळीभाजी केंद्राची जाहिरात करताना या चुका टाळा

पुण्यात कर्वेनगरात किंवा डहाणूकर कॉलनीत पोळीभाजी केंद्र सुरू झालं की पहिला खर्च ठरलेला: पेपरातून वाटायला दोन हजार पत्रकं. पत्रक वाईट नाही. त्यातून किती गिऱ्हाइकं आली हे कोणी मोजत नाही, ही चूक. समजा, छपाई-वाटपाला चार हजार गेले आणि वीस नवी माणसं आली, तर एक गिऱ्हाईक दोनशेला पडलं. त्याने एकदाच साठ रुपयांची भाजी नेली तर पैसे अंगावर. महिन्याचा डबा लावला तर खर्च केव्हाच वसूल. म्हणून गल्ल्याशेजारी वही ठेवा. नवं माणूस आलं की "आमच्याबद्दल कुठून कळलं?" विचारा आणि तिथल्या तिथे लिहा. नंतर आठवून लिहू म्हटलं की राहतंच.

"व्हॉट्सॲपवर मेनू पाठवतो, पण कोणी बघतच नाही," ही तक्रार मी सारखी ऐकतो. बहुतेक वेळा मेसेज पोचलेलाच नसतो. ब्रॉडकास्ट यादीतला (म्हणजे एकाच वेळी अनेकांना वेगवेगळा जाणारा) मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो, आणि एका यादीत 256 जणच बसतात. तेव्हा डबा हातात देतानाच सांगा, "काकू, नंबर सेव्ह करून ठेवा, आजची भाजी सकाळी कळवतो." सोसायटीच्या ग्रुपवर मात्र न विचारता रोज मेनू टाकू नका, लोक चिडतात, आणि ते रास्तच आहे.

गुगल मॅपवरची नोंद फुकट असते, तरी पिन मागच्या गल्लीत आणि वेळ चुकीची! दुपारी एक ते चार बंद असाल तर तसं लिहा. वारज्याहून उन्हात आलेला माणूस बंद शटर बघून गेला, तर पुन्हा फिरकत नाही.

इन्स्टाग्रामवर पैसे भरताना अख्खं पुणे निवडू नका. हडपसरला गरम डबा पोचवणार कसा? तीन-चार किलोमीटरचा परिसर पुरे.

विनापरवाना फ्लेक्स तर नकोच. 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

आणि दिवाळी फराळाची यादी वसुबारसेला पाठवून उपयोग नाही. तोवर घरोघरी चकलीची भाजणी दळून आलेली असते. नवरात्रातच पाठवा, सोबत चवीला दोन चकल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या डब्यात घाला.