‘ॲक्सेस डिनाइड’ आलं की पासवर्ड बदलत सुटू नका: मायएसक्यूएल लॉगिनच्या या चुका टाळा

साइट बंद पडते, लॉगमध्ये मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरची १०४५ नंबरची (‘ॲक्सेस डिनाइड’) एरर दिसते आणि पहिला हात जातो तो पासवर्डकडे. त्याआधी ती ओळ शेवटपर्यंत वाचा. कंसात ‘युझिंग पासवर्ड: नो’ असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. ॲपची सेटिंग्ज ठेवलेली डॉट-ईएनव्ही फाइल वाचली जात नसते किंवा व्हेरिएबलच्या नावात गफलत असते. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये कॉन्फिग कॅश केलेलं (सेटिंग्ज साठवून ठेवलेली) असेल तर फाइलमध्ये कितीही खाडाखोड करा, जुनीच किंमत वापरली जाते. आधी कॅश साफ करा.

‘येस’ असेल तर पासवर्डमधली चिन्हं तपासा. अवतरणात न ठेवलेल्या पासवर्डमधल्या # पासून पुढचा भाग अनेक लायब्ररी कॉमेंट समजून टाकून देतात. कनेक्शन यूआरएलमध्ये (नाव, पासवर्ड, पत्ता एकाच ओळीत असतो तिथे) @ जसंच्या तसं चालत नाही, तिथे %४० लिहावं लागतं (आकडे अर्थातच इंग्रजी).

सगळ्यात जास्त वेळ खातो तो होस्ट, म्हणजे कनेक्शन जिथून येतं तो पत्ता. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नव्हे, नाव आणि होस्ट यांची जोडी. ‘दुकान@लोकलहोस्ट’ आणि ‘दुकान@%’ (% म्हणजे कोणताही होस्ट) ही दोन वेगळी खाती, त्यांचे पासवर्ड वेगळे, परवानग्याही वेगळ्या. ॲप डॉकरमध्ये (ॲप स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवणारं साधन) हलवलं की ते १७२.१८.०.५ अशा पत्त्यावरून येऊ लागतं आणि लोकलहोस्टचं खातं त्याला लागू होत नाही. एररमध्ये @ नंतर जे छापलंय, तिथून सर्व्हरने तुम्हाला पाहिलं. खातं त्याच पत्त्यासाठी हवं. सरसकट % देण्यापेक्षा ‘१७२.१८.%’ द्या. लॉगिन होतंय पण परवानग्या भलत्याच दिसताहेत, असं असेल तर युझर() आणि करंट_युझर() दोन्ही सिलेक्ट करून बघा. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरने कोणतं खातं लावलं.

परवानग्यांचा घोळ बहुतेक वेळा कंटाळ्यातून होतो. १०४४ (डेटाबेसवर परवानगी नाही) किंवा ११४२ (टेबलवर परवानगी नाही) आली की ‘ग्रँट ऑल ऑन *.*’ ठोकून, म्हणजे सगळ्यावर सगळ्या परवानग्या देऊन, मोकळं व्हायचं. त्यात ‘फाइल’ परवानगीही जाते, मग एका एसक्यूएल इंजेक्शनमधून (इनपुटमधून घुसवलेल्या कमांडमधून) सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत वाट निघू शकते. खरं तर ११४२ इतकी सरळ एरर दुसरी नाही: कोणती कमांड, कोणत्या टेबलवर अडली, ते तीच सांगते. तेवढंच द्या. रोजच्या ॲपला त्याच्या डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट पुरतात. क्रिएट, ऑल्टर, ड्रॉप मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलण्याच्या) वेगळ्या खात्याकडे ठेवा. आणि ग्रँटनंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ (परवानग्या पुन्हा वाचायला लावणारी कमांड) लागत नाही. ते ग्रँटची टेबलं हाताने बदलली तरच.

पासवर्ड बदलल्यावर साइट चालू राहिली म्हणून निर्धास्त होऊ नका. पूलमधली (ॲपने उघडीच ठेवलेली) जुनी कनेक्शनं तशीच टिकतात, नवं कनेक्शन उघडताना पडतं, म्हणजे कदाचित रात्री गर्दी वाढल्यावर. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून ऑल्टर युझरला ‘रिटेन करंट पासवर्ड’ जोडता येतं. मग जुना आणि नवा दोन्ही पासवर्ड चालतात. सगळ्या सर्व्हरवर नवा टाका, ॲप रीस्टार्ट करा, मगच ‘डिस्कार्ड ओल्ड पासवर्ड’.

पासवर्ड चुकून गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेला असेल तर फाइल डिलीट करून उपयोग नाही, तो जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी नोंदवलेल्या बदलात, राहतोच. इतिहास नंतर सावकाश साफ करा, पासवर्ड आधी बदला. इथे मात्र ‘रिटेन’ वापरू नका, नाहीतर फुटलेला पासवर्ड चालूच राहील.