लुआर नदीच्या काठाने एकट्याने सायकल आणि तंबू: सहल कशी आखावी

लुआर ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. तिच्या काठाने थेट अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे, ‘लुआर आ व्हेलो’. तंबू घेऊन पहिल्यांदाच एकट्याने निघणाऱ्याला मी डोळे मिटून हाच रस्ता सुचवेन. चढ फारसे नाहीत, पाट्या ठळक आहेत, आणि एक गाव मागे पडलं की थोड्या वेळात पुढचं येतं.

आधी टप्पा आणि दिशा ठरवा

सगळा मार्ग करायचा हट्ट नको. नाँत ते ऑर्लेआँ हा साधारण 400 किलोमीटरचा मधला पट्टा घ्या. आँजे, सोम्यूर, तूर, अँब्वाज, ब्लुआ ही सगळी गावं यातच येतात, आणि यातल्या बऱ्याच भागाला युनेस्कोने 2000 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. बहुतेक जण प्रवाहाबरोबर समुद्राकडे जातात. मी उलट सांगतो: समुद्राच्या बाजूने, नाँतहून सुरुवात करा. इथे वारा बहुधा पश्चिमेचा असतो. लादलेल्या सायकलवर समोरचा वारा चढापेक्षा जास्त दमवतो, आणि एकटं असताना आडोसा द्यायला पुढे दुसरी सायकलही नसते. नदीचा उतार इतका कमी आहे की प्रवाहाविरुद्ध जाताना पायांना तो जाणवत नाही.

भारतातून सायकल न्यायची गरज नाही. एका शहरात भाड्याने घेऊन दुसऱ्या शहरात परत करता येते. मात्र जुलै-ऑगस्टसाठी आधीच ठरवून ठेवा. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतोच.

सामान

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या दोन पॅनिअरमध्ये (पिशव्यांमध्ये) सगळं मावलं पाहिजे, आणि तंबू करियरवर बांधायचा. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, चेनचं तेल. कुलूप मात्र चांगलं घ्या, त्यात काटकसर नको. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. आट्यांचे आणि दाबून बसवायचे असे दोन प्रकार मिळतात, तेव्हा आपल्या शेगडीला कोणता बसतो ते निघण्यापूर्वी बघून ठेवा.

नदीकाठी रात्री दव भरपूर पडतं. सकाळी तंबूचं वरचं कापड आतून-बाहेरून ओलं असतं. ते वाळेपर्यंत थांबू नका. तसंच वेगळ्या पिशवीत भरा आणि जेवणाच्या थांब्यावर कुंपणावर पसरा, उन्हात लगेच वाळतं.

दिवस कसा लावायचा

इथे आपल्या सवयी फसवतात. फ्रान्सच्या उन्हाळी, तासभर पुढे केलेल्या घड्याळात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास, आणि उकाड्याचा कळस होतो पाच-सहाला. चार वाजले, आता ऊन उतरेल, या हिशोबाने पुन्हा निघालात तर ऐन तापात सापडाल. उष्णतेची लाट आली की पारा चाळिशीला टेकतो. म्हणून सातला निघा, 45-50 किलोमीटर करून दुपारी एकपर्यंत मुक्कामाच्या गावी पोचा. कॅम्पिंगचं, म्हणजे तंबू ठोकायच्या अधिकृत जागेचं, कार्यालय बऱ्याचदा दुपारी बंद असतं, तोवर सावलीत जेवून घ्या.

तंबू ठोकला की रिकाम्या सायकलवर जवळचा जुना राजवाडा बघायला जा, या खोऱ्यात ते जागोजागी आहेत. एकट्या प्रवाशाची खरी अडचण हीच, की सामान सोडून आत जायचं कसं. मुक्काम आधी आणि राजवाडा नंतर केला की ती बऱ्यापैकी सुटते, फक्त पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवा. शिवाय ऐन उकाड्याच्या तासांत जाड दगडी भिंतींच्या आत गारवा असतो. उजेड जूनअखेर रात्री दहापर्यंत राहतो, त्यामुळे स्वयंपाकाची घाई नसते.

मुक्काम, पाणी, खाणं

नगरपालिकेची कॅम्पिंग स्वस्त आणि स्वच्छ असतात. सोम्यूरला तर नदीतल्या बेटावरच तंबू ठोकता येतो. 14 जुलै आणि 15 ऑगस्ट या फ्रान्समधल्या सुट्ट्यांच्या आसपास आदल्या दिवशी फोन करा. काठावर कुठेही तंबू टाकायला परवानगी नाही. वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात सुरय पक्ष्यांची घरटी असतात, तिकडे पाऊलही टाकू नका. पोहायचा मोहही नको. वरून शांत दिसणाऱ्या लुआरची वाळू सरकती आहे, पायाखालून जाते.

बाटली भरायला गावाची दफनभूमी गाठा. तिथे नळ जवळजवळ हमखास असतो. ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर बहुतेक उघडतच नाहीत, आणि बेकरी पुष्कळदा सोमवारी बंद. त्यामुळे शनिवारीच दोन दिवसांचा शिधा भरा. शाकाहारी असाल तर डब्यातले काबुली चणे आणि मसूर, टोमॅटो, पाव यांवर उत्तम भागतं. तूरच्या परिसरात सँत-मोर हे बकरीच्या दुधाचं चीज मिळतं: राखेत घोळवलेली लांबट वळकटी, मधून आरपार गवताची काडी. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, म्हणून कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

रस्त्यावर

गाड्या उजवीकडून चालतात. गावाबाहेर रात्री किंवा अंधूक उजेडात चमकतं जॅकेट घालणं सायकलस्वाराला सक्तीचं आहे. मदतीसाठी क्रमांक 112. रोज संध्याकाळी घरच्या एकाच माणसाला मुक्कामाचं ठिकाण कळवा. पाय दुखले किंवा पाऊस लागला तर नदीला धरून जाणारी लोकल रेल्वे आहे, सायकल घेऊन एखादं-दुसरं गाव पुढे जाता येतं. उन्हाळ्यात गर्दी होते, तेव्हा सायकलसाठी जागा आरक्षित करावी लागते का ते आदल्या दिवशी बघा. ऑर्लेआँहून पॅरिसला परततानाही हेच करा.