क्लस्टर स्टोरेजची चाचणी: या चुका टाळा

नव्या लस्टर क्लस्टरवर (लस्टर म्हणजे अनेक सर्व्हरवर पसरलेली फाइल सिस्टिम) मी पहिल्यांदा डीडी ही डेटा कॉपी करायची कमांड चालवली तेव्हा रीडचा आकडा आला सेकंदाला 6 जीबी. लगेच स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. सीनियरचा एकच प्रश्न आला, "क्लायंटला नेटवर्क कितीचं आहे?" 10 गिगाबिटचं. म्हणजे तारेतून सेकंदाला 1.25 जीबीच्या वर काही येणंच शक्य नाही. माझा आकडा क्लायंटच्या, म्हणजे ज्या मशीनवरून चाचणी केली त्याच्या, रॅममधल्या प्रतीतून (कॅशेतून) आला होता. तेव्हापासून चाचणीआधी ही कमाल मर्यादा कागदावर मांडतो.

चाचणीची फाइल रॅमच्या निदान दुप्पट घ्या. लिनक्सची कॅशे रिकामी करायला ड्रॉप_कॅशेसमध्ये 3 लिहितात; त्याआधी सिंक कमांड मारून डेटा डिस्कवर उतरवा, कारण डिस्कवर न उतरलेली पानं त्याने जात नाहीत. सर्व्हरची कॅशे वेगळी, ती तिकडेच रिकामी करावी लागते. अनेक नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) आयओआर हे वेग मोजायचं साधन चालवताना प्रत्येक नोड स्वतःच लिहिलेलं वाचतो आणि पुन्हा रॅमच मोजली जाते. कॅपिटल सी हा पर्याय दिला की शेजारच्या नोडची फाइल वाचली जाते. राइटला एफसिंकचा, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर उतरवण्याचा, वेळ धरा, नाहीतर डेटा मेमरीतच आणि आकडा मात्र झकास.

डेव्ह-झिरोमधून (त्यातून नुसती शून्यं येतात) लिहू नका. खाली झेडएफएस या फाइल सिस्टिमचं कॉम्प्रेशन चालू असेल तर डिस्कपर्यंत जवळपास काहीच पोहोचत नाही.

एका क्लायंटवरून क्लस्टर कळत नाही. 1, 2, 4, 8 असे वाढवत जा आणि आकडा कुठे थबकतो ते बघा. सगळे मिळून एकाच फाइलमध्ये लिहीत असतील आणि वेग लवकर थबकला, तर फाइल कशी विभागली आहे ते दाखवणारी एलएफएस गेटस्ट्राइप ही कमांड आधी चालवा. लस्टरचा मूळ स्ट्राइप काउंट, म्हणजे फाइल किती ओएसटींवर विभागायची तो आकडा, 1 असतो, म्हणजे अख्खी फाइल एकाच ओएसटीवर (डेटा साठवणाऱ्या एका स्टोरेज घटकावर). डिरेक्टरीवर काउंट वाढवला तरी आधीच्या फाइली तशाच राहतात, नवी फाइल बनवूनच मोजा. प्रत्येक प्रोसेसची फाइल वेगळी असेल तर 1च बरा.

मेटाडेटाकडे, म्हणजे फाइलींची नावं, आकार वगैरे माहितीच्या कामाकडे, सहसा कुणी बघत नाही. वेगवान स्टोरेजची 2017 पासूनची आयओ500 यादी मात्र बँडविड्थ आणि मेटाडेटा, दोन्हींचा भूमितीय मध्य घेते. आमच्याकडे तक्रारी येतात त्या बँडविड्थच्या नव्हे, "एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) अडकतंय" अशाच. मेटाडेटाचा वेग मोजणारं एमडीटेस्ट लावण्याआधी एक बघा: बऱ्याच लिनक्सवर एलएस हे रंगीत एलएसचं टोपणनाव असतं आणि रंगासाठी ते एकेका फाइलचा स्टॅट (प्रकार, परवानग्या अशी माहिती) मागत बसतं. बॅकस्लॅश लावून साधं एलएस मारा. ते झटक्यात आलं, तर वेळ त्या स्टॅटमध्ये जातोय.